आडवं पाणी, आडवी माणसं

"रस्ता कुठून कुठं जायलाय, बाई?" शेळ्या घेऊन निघालेल्या म्हातारीनं विचारलं.

"जालन्याहून नांदेडला, आजी."

म्हातारीनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. दोन्हीकडं तुरीच्या रानाशिवाय काही नव्हतं. मग तिनं हातातली काठी समोर, धुऱ्याच्या पल्याड धरली. "पर मला तर तिकडं जायचंय."

हा प्रसंग सेलू तालुक्यातल्या एका शिवारातला. म्हातारीसमोर उभी होती ती एका सल्लागार कंपनीतली अभियंता. परभणीचीच, तिशी ओलांडलेली, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात टॅब आणि टॅबवर उपग्रहाच्या छायाचित्रावर ओढलेली एक लाल रेघ. तिचं नाव इथं नको. म्हातारीच्या बोलण्यावर ती हसली, रोजच्या नोंदवहीत तिनं 'स्थानिक ग्रामस्थांशी चर्चा केली' एवढं लिहिलं आणि पुढच्या खुणेकडं निघाली. म्हातारीच्या त्या एका वाक्याशी झुंजण्यात आपले पुढचे तीन पावसाळे जाणार आहेत, हे तेव्हा तिला माहीत नव्हतं.

लाल रेघ जालना-नांदेड द्रुतगती महामार्गाची. समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर धावतो खरा, पण मराठवाड्याच्या वरच्या अंगाला, जालना-छत्रपती संभाजीनगर पट्ट्यातून निघून जातो. परभणी, हिंगोली, नांदेड त्याच्या खाली राहतात. म्हणून २०२१ मध्ये जालन्यापासून नांदेडपर्यंतचा जोडरस्ता जाहीर झाला. लांबी सुमारे १८० किलोमीटर, त्यातला निम्म्याहून जास्त भाग एकट्या परभणी जिल्ह्यातून. काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडं. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हा टोमणा ऐकत मोठ्या झालेल्या मुलीला आपल्या जिल्ह्यातून द्रुतगती मार्ग जाणार याचा आनंद होणं साहजिक होतं. तिला तो झालाही. तिच्या वडिलांना मात्र झाला नाही.

वडील एसटीत चालक होते. तीस वर्षं परभणी-गंगाखेड, परभणी-जिंतूर, परभणी-पाथरी याच रस्त्यांवर. पाथरी-मानवतकडून येऊन परभणीवरून वसमत, नांदेडकडं जाणारा कल्याण-निर्मल महामार्ग त्यांनी २२२ क्रमांकाचा असताना चालवला आणि ६१ क्रमांकाचा झाल्यावरही चालवला. पाटी बदलली, फाटे तेच राहिले. निवृत्तीनंतरही त्यांच्या डोक्यात रस्त्याची एक स्वतंत्र पोथी होती. अमुक फाट्यावर लिंबाच्या झाडाआडून सकाळी सातला दूधवाला येतो, तो थांबत नाही. तमुक मोरीच्या पुढं रस्ता मधूनच दबलाय, पावसात तिथं पाणी साचतं आणि समोरून येणारा ते चुकवायला आपल्या अंगावर येतो. शाळा सुटायच्या वेळी एका गावाजवळ ते आधी हॉर्न द्यायचे आणि मग गिअर बदलायचे.

लेक एकदा घरी अपघातप्रवण ठिकाणांची सरकारी यादी घेऊन आली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची व्याख्या अशी, की राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत जीव घेणारे किंवा गंभीर जखमी करणारे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं गेली, की तो 'ब्लॅक स्पॉट'. वडिलांनी चष्मा लावून यादी वाचली आणि परत दिली. म्हणाले, "तुमच्या यादीत मेलेली माणसं हायेत. माझ्या यादीत वाचलेली." मग त्यांनी तिला गाडीवर मागं बसवून एक आख्खा रविवार गंगाखेड रस्त्यावर फिरवलं आणि सतरा जागा दाखवल्या. त्यातल्या तीनच सरकारी यादीत होत्या. उरलेल्या चौदा ठिकाणी माणसं दररोज थोडक्यात वाचत होती, आणि थोडक्यात वाचण्याची नोंद कुठल्याच ठाण्यात होत नाही.

देशाचे आकडे वडिलांच्या बाजूनं बोलतात. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. मरणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा, शंभरात चव्वेचाळीसच्या वर. आणि दोन तृतीयांश अपघात वळणावर किंवा खड्ड्यात होत नाहीत, सरळ रस्त्यावर होतात. सरळ, रुंद, गुळगुळीत रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता ही समजूत मंत्र्यांच्या भाषणापासून पानटपरीपर्यंत सगळीकडं आहे. समृद्धीच्या पहिल्या वर्षानं तिला चांगलाच तडा दिला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून पंचवीस प्रवासी गेले. त्यानंतर सरळ रस्त्यावर डोळे उघडे ठेवून झोपणाऱ्या चालकांबद्दल, टायरांबद्दल, विसाव्याच्या जागांबद्दल खूप लिहिलं गेलं. उलट बाजूचं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसं गेली होती. रस्ते विकास महामंडळ आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी एकेक अपघात उकलून कठडे, दुभाजक, थांबलेले ट्रक, रुग्णवाहिकेचा वेळ यावर काम केलं, आणि २०२० मध्ये ही संख्या ६६ वर आली. रस्ता तोच होता, रुंदीही तीच.

तिच्या वाट्याला पहिल्यांदा आलं ते वाहनमोजणीचं काम. सात दिवस, चोवीस तास, फाट्यावर खुर्ची टाकून. मोजणीच्या तक्त्यात रकाने ठरलेले असतात. मोटार, जीप, मिनीबस, बस, दोन आसांचा ट्रक, तीन आसांचा, बहुआसी, ट्रॅक्टर, ट्रॉलीसह ट्रॅक्टर, दुचाकी, सायकल आणि शेवटी बैलगाडी. तिनं मोजणी लावली पावसाळ्याच्या तोंडावर. मुदत तशी होती, मुलं मोकळी होती, आणि जूनमध्ये मोजलं काय नि जानेवारीत मोजलं काय, हंगामी गुणक लावला की झालं, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. ट्रॅक्टरांचा आकडा इतका किरकोळ आला की तिनं तो दोनदा तपासला.

चूक वडिलांनीच काढली, जेवताना. "ऊस कोणत्या महिन्यात तोडतेत?"

जानेवारीत ती पुन्हा त्याच फाट्यावर गेली, यावेळी स्वतः, रात्रपाळीला. रात्री एकच्या सुमाराला धुकं उतरलं आणि धुक्यातून आधी गाणं ऐकू आलं, मग इंजिन. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, दोन्ही उसानं दोन्ही बाजूंना हात हातभर बाहेर आलेल्या. मागं दिवा नाही, रेडियमची पट्टी चिखलानं माखलेली. ट्रॅक्टर गेल्यावर तिनं बॅटरी मारली तर दुसऱ्या ट्रॉलीचं शेपूट वीस पावलांवर दिसेना. त्या रात्री पाच वाजेपर्यंत तिनं अशा एकाहत्तर जोड्या मोजल्या. दिवसा सेलू आणि मानवतच्या बाजाराला निघालेल्या कापसाच्या गाड्या वेगळ्याच. जूनच्या तक्त्याला कितीही गुणक लावला असता तरी त्यातून हे शेपूट निघालं नसतं.

इथं एक अवघड प्रश्न तिच्यासमोर उभा राहिला, आणि तो बहुतेक आराखड्यांत विचारलाच जात नाही. द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टर येणार नाही. समृद्धीवर दुचाकीला आणि तीनचाकीला मज्जाव आहे, तसाच इथंही असणार. म्हणजे लांबचा ट्रक आणि मोटार नव्या रस्त्यावर जाईल, आणि दूधवाला, उसाची ट्रॉली, शाळेची मुलं, कापसाची गाडी, दवाखान्याला निघालेली बाळंतीण हे सगळे जुन्याच रस्त्यावर राहतील. मरणाऱ्यांत ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, त्यांच्यासाठी नवा रस्ता नाहीच. लांबची वाहनं कमी झाली की जुन्या रस्त्यावर वेग वाढेल हे वेगळंच. तिचं म्हणणं असं, की नव्या महामार्गाच्या सुरक्षिततेचा हिशेब त्याला समांतर जाणाऱ्या जुन्या रस्त्यासकट मांडायला हवा. हे म्हणणं तिनं तीन बैठकांत मांडलं. तिन्ही वेळा तिला सांगण्यात आलं की तो आपल्या कामाच्या व्याप्तीत नाही. व्याप्ती हा शब्द तेव्हापासून तिच्या डोक्यात जातो.

परभणीत रस्ता बांधणं म्हणजे आधी मातीशी बोलणी करणं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या गावात उभं राहिलं ते इथल्या काळ्या रानामुळं, असं लोक अभिमानानं सांगतात. रस्तेवाल्याच्या तोंडी मात्र 'ब्लॅक कॉटन' हे नाव शिवीसारखं येतं. एप्रिल-मेमध्ये रानाला भेगा पडतात. एका भेगेत तिनं सहज मोजपट्टी सोडली, ती कोपरभर खाली गेली. पुढं काय आहे ते पाहायला तिनं हात घातला नाही, कारण सोबतच्या सालगड्यानं साप सांगितला.

ही माती काय करते ते तिनं कॉलेजात वाचलं होतं, पण पाहिलं पत्र्याच्या शेडमधल्या प्रयोगशाळेत. चाचणी इतकी साधी की शाळेतल्या पोरानं करावी. काचेच्या दोन नळ्या, शंभर मिलीलिटरच्या. दोन्हींत दहा-दहा ग्रॅम वाळवलेली, बारीक चाळलेली माती. एका नळीत रॉकेल ओतायचं, दुसरीत पाणी, आणि चोवीस तास हात लावायचा नाही. रॉकेलला माती भीक घालत नाही, जशीच्या तशी तळाशी बसते. पाणी मात्र ती पीत राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शेडचं दार उघडलं तेव्हा पाण्याच्या नळीतली माती रॉकेलच्या नळीतल्या मातीच्या दुपटीला टेकली होती. वर गढूळ पाणी, खाली काळी, लोण्यासारखी फुगलेली रास. चहा घेऊन आलेल्या पोरानं विचारलं, "मॅडम, दोन्हीत सारखीच टाकली होती ना?"

हीच माती जेव्हा डांबराच्या किंवा काँक्रीटच्या खाली असते तेव्हा पावसाळ्यात कडेनं पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. मधला भाग कोरडाच राहतो, कडा वर-खाली होतात. म्हणून आपल्याकडं रस्त्याला लांबीच्या दिशेनं, कडेपासून हात-दोन हात आत, भेग जाते. लोक म्हणतात ठेकेदारानं माल खाल्ला. कधी कधी खाल्लेलाही असतो. पण पुष्कळदा खाणारी ती माती असते. उपाय ठाऊक आहेत. काळी माती हातभर-दोन हात उकरून टाकायची, किंवा चुन्यानं तिची भूक मारायची, वर फुगत नाही असा मुरूम दाबून भरायचा, साइडपट्टी अशी करायची की पाणी कडेला मुरणार नाही. मातीची ताकद तपासताना नमुना चार दिवस पाण्यात बुडवून मगच त्यावर दाब देतात, कारण रस्त्यानं कोरडा दिवस नाही, भिजलेला दिवस सोसायचा असतो. अडचण मुरुमाची. सपाट काळ्या पट्ट्यात मुरूम लांबून आणावा लागतो, लांबून म्हणजे महाग, आणि महाग म्हटलं की बैठकीत सगळ्यांना एकदम घड्याळ आठवतं.

मातीपेक्षा पाण्यानं तिला जास्त दमवलं.

नकाशावर पाहिलं तर जालना-नांदेड रेघ नद्यांच्या सोबतीनं जाते. दुधना आणि पूर्णा वायव्येकडून आग्नेयेकडं उतरतात, दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा पुढं पूर्णा तालुक्यातच गोदावरीला. मोठ्या नदीवर मोठा पूल बांधतात, त्याची सगळे काळजी घेतात. छळतात ते ओढे, वगळी, पावसाळ्यात चार दिवस वाहणारे आणि नकाशावर नाव नसलेले. ते सगळे रस्त्याला आडवे येतात. त्यात कालव्यांची भर. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा, पैठणहून निघून परभणीच्या रानापर्यंत आलेला. येलदरी-सिद्धेश्वरच्या पूर्णा प्रकल्पाचं कालव्यांचं जाळं वेगळं. कालव्याला वितरिका, वितरिकेला चाऱ्या, चारीला पाट. द्रुतगती मार्ग म्हणजे दोन-तीन मीटर उंचीचा सलग भराव. इतक्या सपाट मुलखात तो नुसता रस्ता राहत नाही, ते एक लांबलचक बुटकं धरण होतं. वरच्या अंगाला पाणी तुंबून सोयाबीन पिवळं पडणार, खालच्या अंगाच्या चारीला पाणी पोचणार नाही. पूर्णा तालुक्यातल्या एका गावात टेलच्या शेतकऱ्यानं तिला ऐकवलं, "आधीच आमच्या नशिबी शेवटची पाळी. आता मधी तुमचा रस्ता. पाणी काय तिकीट काढून येणार का?"

ओढ्यावर मोरी किती रुंद हवी हे पुराच्या पाण्यावर ठरतं. मोठ्या पुलासाठी शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर धरतात. याचा अर्थ तो पूर शंभर वर्षांनी येईल असा नाही. दरवर्षी शंभरात एक एवढी त्याची शक्यता आहे, इतकाच. पन्नास वर्षं उभ्या राहणाऱ्या पुलाला असा पूर एकदा तरी भेटण्याची शक्यता शंभरात चाळीसच्या घरात जाते. हे तिनं एका गावात पारावर समजावून सांगितलं. एका काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्याकडं शंभर वर्षं लवकर भरतेत."

पाऊस मोजण्याची केंद्रं विरळ, ओढ्यांवर मापपट्ट्या नाहीत. सूत्रं आहेत, पण मुंबई इलाख्यातल्या इंग्लिस साहेबाचं सूत्र सह्याद्रीच्या उतारावरच्या नद्या पाहून बांधलेलं. परभणीच्या तव्यासारख्या रानाला ते लावणं म्हणजे कोल्हापुरी चपलेचं माप घेऊन गमबूट शिवणं. मग उरतो जुना मार्ग. गावात जाऊन विचारायचं, पाणी कुठवर आलं होतं?

दुधनेच्या काठच्या एका गावात तिनं असंच विचारलं तेव्हा पाच मिनिटांत पाच उत्तरं आली. एकानं मारुतीच्या देवळाच्या खांबावर छातीएवढ्या उंचीवर हात ठेवला, दुसऱ्यानं गुडघ्यावर. सरपंचांनी देवळाची पायरी बुडाली नव्हती म्हणून सांगितलं, त्यावर भांडण लागलं. कडेला उभी असलेली एक बाई मग घरात घेऊन गेली. मातीची जुनी भिंत, त्यात दोन कोनाडे, एक वर, एक खाली. "खालच्या कोनाड्यात पिठाचा डबा होता, पीठ भिजलं. वरच्या कोनाड्यात काड्यापेटी होती. त्याच काड्यापेटीनं रात्री दिवा लावला." खालच्या कोनाड्याचा तळ आणि वरच्या कोनाड्याचा तळ, यांच्यात पाऊण हाताचं अंतर. पूर त्या पाऊण हातात कुठंतरी थांबला होता. अभियंत्यानं दोन्ही तळांची उंची समतलमापकानं काढली आणि अहवालात त्या गावापुढं पुराची पातळी लिहिली. शेरा म्हणून 'काड्यापेटी' असं लिहिण्याचा मोह तिनं आवरला.

ऑगस्ट २००६ मध्ये गोदावरी गंगाखेडात शिरली होती. ती आठवण जिल्ह्यात आजही तारीखवार निघते. नवी पिढी आता २०२४ ची सांगते. महसूल खात्याच्या लेखी एका दिवसात मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत पाथरी मंडळात एका दिवसाचा पाऊस ३०० मिलिमीटरच्या वर गेला. पाणी ओसरायच्या आत ती दुचाकीवर निघाली. सगळ्यांचं लक्ष नदीवर होतं, ती पाहत होती मोऱ्या. एका जुन्या रस्त्यावर नळकांडी पूल होता, तीन पाइपांचा. तिन्ही पाइप गच्च भरले होते. गेल्या सालच्या पऱ्हाट्या, बेशरमाची मुळासकट झुडपं, खताच्या गोण्या, एक तुटका पंप. पाणी पाइपातून जायला तयार नव्हतं म्हणून रस्त्यावरून गेलं, आणि जाताना खालच्या अंगाचा भराव खरवडून घेऊन गेलं. डांबराची पातळ कड हवेत लोंबत होती. हिशेबाप्रमाणे ते तीन पाइप त्या ओढ्याला पुरेसे होते. हिशेबात पऱ्हाटी नव्हती.

या सगळ्यांत जमिनीचा विषय चालूच होता. संयुक्त मोजणीला भूमी अभिलेखचा माणूस, तलाठी, कृषी खात्याचा माणूस असे पाच-सहा जण एकदम शेतात उतरतात. झाडं मोजायची, विहीर मोजायची, जमिनीखालची पाइपलाइन शेतकऱ्यानं सांगायची आणि बाकीच्यांनी संशयानं पाहायचं. जालना-नांदेड पट्ट्यात शेतकऱ्यांची मागणी समृद्धीसारख्या मोबदल्याची होती, त्यासाठी आंदोलनं झाली. त्यातच नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची रेघ आली, पवनारहून पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे, त्यात पुन्हा परभणी. २४ जून २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं त्याला मान्यता देऊन २०,७८७ कोटींची तरतूद मंजूर केली आणि जिल्ह्यातल्या बागायती गावांनी मोजणीला विरोध केला. एकाच जिल्ह्याला दोन रेघा. एका शिवारात तिला पाहून लोक गोळा झाले, 'कोणत्या रस्त्याची तुम्ही?' असा प्रश्न आला आणि तिचं उत्तर ऐकेपर्यंत कोणी पाणीही विचारलं नाही. तिला त्यात वावगं वाटलं नाही. ज्याची पाच एकर मधोमध कापली जाते, त्याला रस्त्याची लांबी सांगून उपयोग काय? त्याचा आखाडा एका बाजूला, विहीर दुसऱ्या बाजूला. त्याला रुंदी ओलांडायची आहे.

इथं ती स्वतःच्या चुकीपाशी येते. ही गोष्ट ती दरवेळी सांगते, न विचारता. जिंतूर तालुक्यातल्या एका गावाजवळ तिनं भुयारी मार्गाची जागा ठरवली ती महसुली नकाशातल्या ग्रामीण रस्त्यावर. नियमानं अगदी बरोबर. सुनावणीत एक पोरगा उठला, बारावीतला असेल. "ताई, नकाशात रस्ता तिथं हाय, पर बैल तिकडून जातच नाई. मधी वगळ हाय, तिला कड चढावी लागती. समदे पाणंदीनं जातेत." पाणंद तिथून सातशे मीटरवर. तिनं बांधकाम झाल्यानंतरचं चित्र डोळ्यांसमोर आणलं. भुयारी मार्ग रिकामा, आणि सातशे मीटरवर कुंपणाची तार वाकवून माणसं, शेळ्या, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया, ताशी १२० च्या रस्त्यावर आडव्या. धावता महामार्ग ओलांडणाऱ्या माणसाचा दोष लिहिणं सोपं असतं. भुयाराची जागा नकाशावर पाहून ठरवणाऱ्याचा दोष कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. तिनं जागा बदलण्याचा प्रस्ताव केला, आणि मग बाकीच्या सगळ्या जागा पुन्हा पायी फिरून तपासल्या, सकाळी सहा ते नऊ, गुरं निघायच्या वेळेला. तेव्हा तिला सेलूची म्हातारी आठवली.

पण जागा ठरली म्हणून संपत नाही. खर्च वाचवायचा म्हणून पुष्कळ ठिकाणी एकाच तोंडातून पाणी आणि माणूस दोघांना काढतात. उन्हाळ्यात वाट, पावसाळ्यात मोरी. कागदावर एक काम, दोन उपयोग. रेल्वे फाटक काढून केलेल्या भुयारी पुलात कमरेएवढ्या पाण्यातून मोटारसायकल ढकलणारी माणसं ज्यानं पाहिली आहेत त्याला हे सांगायला नको. ज्या दिवशी शेतात धावत जाऊन बांध फोडायचा, मोटार वर काढायची, त्याच दिवशी वाट बंद. दोघांना वेगळी तोंडं द्या, माणसाच्या तोंडाचा तळ ओढ्याच्या तळाहून वर ठेवा, आणि पाण्याच्या तोंडाला पाइपांऐवजी चौकोनी पेटी द्या म्हणजे पऱ्हाटी अडकणार नाही. तिच्या टिपणाचा गाभा एवढाच. खर्चाचा तक्ता जोडून, २०२४ च्या मोऱ्यांचे फोटो लावून तिनं ते वर पाठवलं. काही जागी मान डोलली, काही जागी 'व्याप्ती' आली.

राहिली उंची. गुरं आणि पायी माणसांच्या भुयाराला तीन मीटर धरतात. बैलगाडी जाते, ट्रॅक्टर जातो. पाणंदीवरच्या त्या गावात मात्र ऑक्टोबरात तिला बोलावणं आलं, "ताई, आता या. आता मोजा." ती गेली तेव्हा सोयाबीनच्या रानात पंजाबहून आलेलं हार्वेस्टर उभं होतं. दरसाल दसरा-दिवाळीच्या आसपास ही यंत्रं मराठवाड्यात उतरतात, एकरावर भाव ठरतो, आणि एका रानातून दुसऱ्या रानात पाणंदीनंच जातात. तिनं पांढरी-लाल मापकाठी यंत्राला टेकवून उभी केली. बारावीतला पोरगा, आता कॉलेजात, खाली वाकून आकडा वाचत होता. चालकानं वरून विचारलं, "कितना आया?"

चार मीटरला बोटभर कमी आलं होतं. तिनं ते वहीत लिहिलं. शेतकरी हार्वेस्टरच्या डोक्याकडं बोट करत म्हणाला, "वरची नळी धरली का? सोयाबीन ट्रॉलीत टाकाय लागले की ती अजून वर जाती." चालकानं कळ ओढली, आणि ती काठी तशीच धरून नळी वर जायची वाट पाहत उभी राहिली.